चित्रकाराने शिल्प करायचं ठरवलं तर लाकूड की ब्राँझ?

तुम्ही विचारलंय, बेळगावात राहून, आजवर फक्त चित्रंच काढलेल्या माणसाने लाकडापासून सुरुवात करावी की ब्राँझपासून. लाकूड घ्या. मीही चित्रंच काढत होतो.

ब्राँझमध्ये आपला हात धातूला लागतच नाही. आपण माती किंवा मेण घडवतो, साचा होतो, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत तांबं-कथिलाचा रस ओततात. देगा या फ्रेंच चित्रकाराने मेणात केलेल्या नर्तिका 1917 साली तो गेल्यानंतरच ब्राँझमध्ये ओतल्या गेल्या! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) भरपूर, पण मुख्यतः बिडाच्या, वाळूच्या साच्यातल्या. मूर्तीचं मेण-ओतकाम करणारा कारागीर वेगळा शोधावा लागतो.

लाकडात सगळं आपल्याच हाती. खानापूरकडची शिवण (त्या नावाच्या झाडाचं लाकूड) मिळाली तर फार छान, हलकी आणि कोरायला मऊ. पण ओली घेऊ नका. माझ्या पहिल्या मुखवट्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी चीर गेली, लाकडाचा गाभा तसाच ठेवला होता म्हणून. आता मागून पोखरून घेतो.

आणखी एक, चित्रकाराला सवय असते समोरून बघायची. गालावर पटाशी लाकडाच्या रेषांच्या उलट गेली की ढलपी उचकटते, तिथे रंगासारखा दुसरा हात देता येत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी ठोकळा फिरवा, खिडकीचा उजेड बाजूने पडू द्या. सावली कुठे चुकतेय ते तुमच्या डोळ्याला लगेच कळेल, चित्रकार आहात ना.