समुद्री शेवाळाचा अर्क आणि माशांचं खत: कुंडीतल्या भाज्यांना दोन्ही लागतं का?

तुम्ही लिहिलंय की कुंड्यांत टोमॅटो, मिरची आणि पालक आहे, सीवीडचा म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क दोन-तीनदा फवारला तरी पानं पिवळीच राहिली. आता माशांचं खत आणावं का, दोन्ही एकत्र चालतं का आणि वासाचं काय करायचं, असं विचारलंय.

आधी पिवळ्या पानांचं बघू. ती सीवीडने हिरवी झाली नाहीत यात बाटलीचा दोष नाही, तिचं ते कामच नाही. समुद्री शेवाळाच्या अर्कात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतंच असतं. पालाश (पोटॅशियम) त्यातल्या त्यात बरं असतं, पण त्यातलाही बराच भाग शेवाळातला नसून अर्क काढताना वापरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून आलेला असतो. मग लोक ते एवढं वापरतात कशाला? तर त्यातली सायटोकायनिन, ऑक्झिन यांसारखी संजीवकं (वाढीची सूत्रं हलवणारी द्रव्यं), बीटेन, अल्जिनेट (शेवाळातला चिकट पदार्थ) आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं यांच्यासाठी. पुनर्लागवडीचा धक्का, उन्हाचा तडाखा, पाण्याचा ताण सोसायला यांची मदत होते, मुळ्या जास्त फुटतात. पण यातलं काही रोपाचं पोट भरत नाही. भुकेल्या माणसाला जेवणाऐवजी टॉनिक पाजत राहावं, तसा प्रकार झालाय तुमच्याकडे.

माशांचं खत मात्र खरोखर खत आहे. बाजारात ते दोन प्रकारांत मिळतं आणि लेबलवर दोन्हींवर मासाच काढलेला असतो, म्हणून घोळ होतो. फिश इमल्शन म्हणजे मासे शिजवून त्यांतलं तेल आणि सुकी पूड वेगळी काढल्यावर उरलेला द्रव आटवून केलेलं दाट खत. त्यात नत्र-स्फुरद-पालाश साधारण ५-१-१ असतं, म्हणजे नत्रावर भर. फिश हायड्रोलायसेटमध्ये मासा फारशी उष्णता न देता एन्झाइम्सनी विरघळवतात. तेल आणि हाडांचा अंश त्यातच राहतो आणि टिकावं म्हणून बहुधा फॉस्फोरिक आम्ल घालतात. त्यामुळे त्यात नत्र कमी आणि स्फुरद जास्त, २-४-१च्या आसपास. पालकासारख्या पालेभाजीला इमल्शन बरं. फुला-फळावर येणाऱ्या झाडांना हायड्रोलायसेट चालतं. बाटलीवर हे तीन आकडे छापलेलेच नसतील तर मी ती घेत नाही.

पण आणण्याआधी नुसतं ‘पानं पिवळी’ एवढ्यावर जाऊ नका. कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची, जुनी पानं सबंध फिकट पिवळी होत वर सरकत असतील तर नत्र कमी पडतंय. रोप जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून सुरुवात खालून होते. इथे माशांचं खत उपयोगी पडेल. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाचा प्रश्न आहे. बहुतेक वेळा माती किंवा पाणी अल्कधर्मी असल्यामुळे लोह असूनही मिळत नाही, आणि तिथे मासळी ओतून काही होत नाही. तिसरी शक्यता सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी तपासली जाते: कुंडी सतत ओली, खालची भोकं बुजलेली, मुळं गुदमरलेली. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. आत चिखल लागला तर खत राहू द्या, आधी निचरा नीट करा.

नत्रच कमी आहे असं ठरलं तर इमल्शन लिटरभर पाण्यात ४ ते ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा. फवारणी नको, आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळांशी मातीत ओता. कुंडीला आधी साधं पाणी द्या आणि मग हे द्रावण घाला. सुक्या मातीत ते एका बाजूने खाली निघून जातं. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. यातलं बरंचसं नत्र प्रथिनं आणि अमिनो आम्लांच्या रूपात असतं, मातीतले जिवाणू ते फोडतात तेव्हा कुठे मुळांना भरपूर मिळतं. म्हणून ऊबदार, जिवंत मातीत फरक लवकर दिसतो आणि नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) उशिरा. तुमचं मिश्रण कोकोपीटचंच असेल तर दोन-तीन मुठी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, नाहीतर द्रवखताचा अर्धा पैसा पाण्याबरोबर वाहून जाईल.

टोमॅटो-मिरचीला कळ्या दिसू लागल्या की इमल्शन आवरतं घ्या. नत्र जास्त झालं की टोमॅटो असा पसरतो की बघणारा कौतुक करतो, आणि फळं मात्र मोजकी. शिवाय लुसलुशीत पाल्यावर मावा आनंदाने बसतो.

सीवीडची बाटली आता फेकू नका. द्रव अर्क लिटरला २-३ मिली. पावडरीचे काळे चकचकीत कण असतील तर अर्धा ग्रॅम. रोप कुंडीत लावताना एकदा आळवणी, फुलं यायच्या आधी एक फवारणी, आणि कडक उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एक. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूलाही. मात्रा वाढवून फायदा वाढत नाही. संजीवकांचं गणित खतासारखं नसतं, जास्त झाली तर वाढ खुंटूही शकते.

दोन्ही एकत्र चालतं, आणि जोडी चांगलीही जमते. मात्र दोन्ही घट्ट द्रव एकमेकांत ओतू नका. सीवीड अर्क बहुधा अल्कधर्मी, हायड्रोलायसेट चांगलंच आम्लधर्मी. आम्ल लागलं की अल्जिनेट गोठतं आणि बाटलीत जेलीसारख्या तपकिरी गुठळ्या धरतात, ज्या नंतर पंपाच्या नोझलमध्ये जाऊन बसतात. जड पाण्यातल्या कॅल्शियमनेही थोडंफार असंच होतं. म्हणून आधी पूर्ण पाणी घ्या, त्यात एक ढवळा, मग दुसरं घाला, आणि पंपात भरताना फडक्यातून गाळा.

आता वास. येतो. वास काढलेलं खत म्हणून विकतात त्यालाही येतो, फक्त कमी. संध्याकाळी द्या, माती वरवर खुरपून मग ओता आणि वरून बोटभर कंपोस्ट पसरा, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत बराच मरतो. पाला-पेंढ्याच्या आच्छादनावर ओतलंत तर तो तिथेच रेंगाळतो. मांजर येत असेल तर काही दिवस कुंडीवर जाळी टाका, नाहीतर ती मासा शोधायला रोप उकरून काढते.

घरी माशांच्या टाकाऊ भागात वजनाला तेवढाच गूळ घालून, तोंडाला फडकं बांधून काही आठवडे आंबवण्याची पद्धतही आहे. खत होतं, स्वस्त पडतं. पण बंद घरात, शेजारी भिंतीपलीकडे असताना मी तरी याच्या वाटेला जाणार नाही. केलंतच तर लिटरला एक-दोन मिलीपासून सुरुवात करा आणि ते मातीतच द्या. कच्च्या खायच्या पानांवर कच्च्या माशाचं आंबवण अजिबात फवारू नका.

समुद्रावरून शेवाळ उचलून आणायचा विचार कुणी सुचवेल. आयर्लंडजवळच्या ॲरन बेटांवर लोकांनी उघड्या चुनखडीवर वाळू आणि शेवाळाचे थर घालून शेतं तयार केली आणि त्यांत बटाटे पिकवले. म्हणजे मालात दम आहे. पण तिथे पाऊस मीठ धुऊन नेतो, कुंडीत ते साठत जातं. शिवाय सरगॅसमसारखी काही तपकिरी शेवाळं समुद्रातलं आर्सेनिक साठवतात. जमिनीतल्या वाफ्यावर, गोड्या पाण्यात नीट धुऊन, पातळ थर घाला हवं तर, आणि त्याआधी किनाऱ्यावरून ते उचलायला परवानगी आहे का ते बघा. कुंडीसाठी बाटलीतला अर्कच बरा.

पाण्यात कालवलेलं खत त्याच दिवशी संपवा. उरलेलं झाकण लावून ठेवलं तर आंबतं, बाटली फुगते. आणि फरक बघायचा तो नव्या पानांत. जी खालची पानं पूर्ण पिवळी झालीत ती परत हिरवी व्हायची नाहीत, ती खुडून टाका. दोन-तीन आठवड्यांनी शेंड्याकडची पानं गडद आणि रुंद येताहेत का तेवढं बघा. येत नसतील तर त्या पानांचा जवळून काढलेला फोटो टाका.