न्यूरॉलॉजिस्टने झोपेच्या संशोधनात यावं का?

तुमचं न्यूरॉलॉजीचं प्रशिक्षण संपत आलंय, झोपेच्या आजारांवर संशोधन करायची इच्छा आहे, पण सहकारी म्हणतात की तिथे घोरणं आणि सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) यांपलीकडे मेंदूचं काही काम नसतं. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो: अजिबात खरं नाही.

झोपेत श्वास अडकण्याचे रुग्ण खूप असतात, हे मान्य. १९८१ साली कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅपचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि असंख्य लोकांची झोप सुधारली. पण मला या विषयात ओढलं ते एका वेगळ्याच आजाराने.

साठीतले एक गृहस्थ पत्नीसोबत आले होते. ते गप्प, बोलत होत्या त्या बाई. नवरा झोपेत ओरडतो, बुक्के मारतो, म्हणून त्या दोघांच्या मध्ये उशा रचून झोपायच्या. रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेत मेंदू, डोळे, स्नायू आणि श्वास यांची नोंद, झाली. यंत्राने काढलेल्या अहवालात श्वास ठीक, बाकी विशेष काही नाही. मी तेवढंच वाचून त्यांना ‘ताण कमी करा’ म्हणून घरी पाठवलं. चार महिन्यांनी त्या बाई डोळ्याखाली काळंनिळं घेऊन परत आल्या. तेव्हा कुठे मी मूळ रेकॉर्डिंग उघडलं. पहाटेची रेम झोप, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात ती अवस्था, डोळे भराभर हलतायत. या अवस्थेत स्नायू ढिले पडतात, म्हणून हनुवटीच्या स्नायूंची रेघ जवळजवळ सपाट हवी. इथे ती झुडपासारखी उठलेली, आणि व्हिडिओत त्यांचा उजवा हात कुणाला तरी ढकलतोय. सगळं पहिल्या दिवसापासून समोर होतं. मी पाहिलं नव्हतं.

रेम झोपेचा शोध १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जाहीर केला. पुढे मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला एक छोटा भाग निकामी केला, तर ती मांजरं रेम झोपेत उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांमध्ये हाच प्रकार शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये वेगळा आजार म्हणून मांडला: रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर. त्यांनी असा आजार असलेल्या २९ पुरुषांचा पाठपुरावा चालू ठेवला आणि १९९६ मध्ये कळवलं की त्यांतल्या ३८ टक्क्यांना पार्किन्सनसारखा आजार झाला. २०१९ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून याच आजाराच्या १,२८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: दरवर्षी साधारण ६ टक्के रुग्ण पार्किन्सन किंवा त्याच्या जातकुळीतल्या आजाराकडे किंवा स्मृतिभ्रंशाकडे वळतात. म्हणजे हात थरथरायला लागायच्या कित्येक वर्षं आधी आजार झोपेत बोलायला लागलेला असतो. मेंदूचं काम याहून वेगळं काय असतं?

यातली सगळ्यात अवघड गोष्ट मात्र प्रयोगशाळेत नाही. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देऊन मारामारी आटोक्यात येते, पलंगाभोवतालच्या टोकदार वस्तू हलवता येतात, पण पुढचा आजार थांबवणारं सिद्ध औषध आज आपल्याकडे नाही. मग समोरच्याला किती सांगायचं? मी आधी विचारतो, ‘पुढे काय होऊ शकतं हे तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय?’ काही जण सगळं विचारून घेतात, काही जण विषय बदलतात. दोघांचंही मी ऐकतो.

नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, हाही असाच भरलेला विषय. १९९८ मध्ये ओरेक्सिन हे जागं ठेवणारं मेंदूतलं रसायन सापडलं आणि दोनच वर्षांत कळलं की या रुग्णांच्या मेंदूतून ते बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. आता ओरेक्सिनच्या रिसेप्टरला थेट चालना देणारी औषधं रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत.

त्रासही सांगतो. काम संथ आहे. आठ तासांचं रेकॉर्डिंग तीस-तीस सेकंदांत वाचायचं म्हणजे ९६० पानं. सुरुवातीला किमान पन्नास रात्री स्वतः, हाताने स्कोअर करा, म्हणजे प्रत्येक पानावर झोपेची अवस्था नोंदवा. यंत्राचं स्कोअरिंग नंतर आहेच. निधी दोन-तीन वर्षांचा मिळतो आणि प्रश्नाचं उत्तर यायला बारा वर्षं लागतात. त्यामुळे विषय एकच धरा, आणि जिथे रुग्णांचा जुना पाठपुरावा चालू आहे अशीच जागा शोधा.

तिथे मुलाखतीला गेलात की उपकरणांची चौकशी नंतर करा. आधी विचारा, यायचे बंद झालेल्या रुग्णांना फोन कोण करतं? आमच्याकडे एकच ताई सुरुवातीपासून ते करतात. त्या फोनवर घरच्यांशी बोलतात. सुरुवातीला सांगितलेल्या त्या गृहस्थांचं अक्षर बारीक होत चाललंय (पार्किन्सनची एक खूण), हे त्यांच्या पत्नीने आधी ताईंना सांगितलं होतं. माझ्या तपासणीत ते त्यानंतर सात महिन्यांनी आलं.