टेबल सॉवर प्लायचे टवके उडतात आणि सागाची कड जळते, नेमकं काय सेट करायचं?

तुम्ही लिहिलंय की 10 इंची टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर येतं ते कापायचं मशीन) नवीन घेतलाय, प्लाय आडवा कापला की खालून टवके उडतात, सागाची पट्टी उभी चिरली की कड काळी पडते, तर 80 दातांचं महाग ब्लेड मागवू का. थांबा जरा, ब्लेडचं नंतर बघू. मी इंदूरला हौस म्हणून घरचं फर्निचर करतो, इथे सियागंजात दुकानात गेलं की समोरचा पण आधी ब्लेडच काढून दाखवतो, त्याला विकायचंय ना. पण मशीनच तिरकं बसलेलं असेल तर चांगलं ब्लेडसुद्धा कड जाळतंच.

मशीनमध्ये न हलणारी गोष्ट एकच, टेबलातली ती लांब खाच, मायटर गेज (आडव्या कापाला फळी ढकलायची सरकती पट्टी) सरकतो ती. आधी ब्लेड त्या खाचेला समांतर करायचं, मग फेन्स (फळी टेकवून उभी चिरायची ती बाजूची लांब पट्टी) पण त्याच खाचेला, उलट क्रमाने केलं तर सगळं परत करावं लागतं.

प्लग काढा (नुसता स्विच बंद नाही, प्लगच), ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. मायटर गेजला एक लाकडी पट्टी क्लॅम्प करा, तिच्या टोकाला एक स्क्रू मारा आणि दात पुढे असताना स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम घासेल असं ठेवा. आता ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेज पण मागे सरकवा आणि परत बघा. तोच दात का, तर ब्लेडमध्ये स्वतःचा थोडा बाक असतो, दुसरा दात धरला की तो बाक पण मापात येतो. गेज खाचेत थोडा हलत असेल तर दोन्ही वेळा एकाच बाजूला दाबून धरा. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) असेल तर छानच, नसेल तर झेरॉक्सचा कागद घ्या, तो साधारण 0.1 मिमी जाड असतो, पुढे आणि मागे एका कागदाहून जास्त फरक नको. जास्त निघाला तर टेबलाखाली मोटार-ब्लेडची चौकट ज्या बोल्टांवर लटकलीय ते थोडे ढिले करा, चौकटीला लाकडाच्या ठोकळ्याने हलकं ठोका, बोल्ट आलटून पालटून कसा आणि परत मोजा, कारण कसताना ती सरकतेच. हे काम कंटाळवाणं आहे, पण तुम्ही करून बघा.

मग फेन्स. खाचेला समांतर, आणि चुकलाच तर मागच्या टोकाला कागदभर बाहेर उघडलेला चालेल, आत वळलेला अजिबात नाही. आत वळला की लाकूड ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये चेपतं, कड जळते, आणि मागचे दात वर येत असतात ते फळी उचलून सरळ तुमच्या अंगावर फेकतात. म्हणून ब्लेडमागची ती पात, चीर मिटू न देणारी रायव्हिंग नाइफ, काढून ठेवू नका, आपले मिस्त्री लोक पहिल्यांदा तीच काढतात. हातमोजे नको, पट्टी बारीक असली की हाताऐवजी पुश स्टिकने, म्हणजे काठीने, ढकला.

ब्लेड टेबलाला 90 अंशात आहे का ते मशीनच्या काट्यावरून ठरवू नका, छोटा गुण्या लावून बघा, ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवा, दाताला नाही. आणि मायटर गेजचा काटकोन बघायचा तर एक रुंद फळी आडवी कापा, एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेल्या कडा जुळवा, जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूक पण लपत नाही.

आता टवके. टेबल सॉचे पुढचे, कापणारे दात वरून खाली येतात, म्हणून वरची बाजू साफ आणि खालची फाटते, तेव्हा चांगली बाजू वर ठेवा (हातातल्या सर्क्युलर सॉला बरोब्बर उलट, इथे खूप जण गोंधळतात). ब्लेड फार वर नको, दातांमधली खोबण फळीच्या वर दिसली की पुरे. आणि खरा फरक पाडते ती ब्लेडभोवतीची प्लेट. मशीनसोबत येते तिची फट रुंद असते, खालून आधार नसतो म्हणून टवके. त्याच जाडीच्या प्लायची नवी प्लेट करा, तिला वरून एक लाकूड आडवं क्लॅम्प करून दाबा आणि चालू ब्लेड हळूहळू वर घ्या, म्हणजे फट ब्लेडएवढीच पडते. काही मशीनमध्ये ब्लेड पूर्ण खाली जातच नाही, मग प्लेटच्या पोटात आधी खोबण काढावी लागते. रायव्हिंग नाइफसाठी मागे फट लांबवायला विसरू नका.

ब्लेड दोन ठेवा. उभ्या चिरीला 24 दात, प्लाय आणि आडव्या कापाला 60. 80 दात सागाच्या उभ्या चिरीत घातले तर आणखीच जळेल, भुसा बाहेर पडायला जागाच नसते. सागाचं तेल-चिकट दातांवर बसतं, ब्लेड काढून कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, नीट वाळवा. लोकांना वाटतं धार गेली, पुष्कळदा नुसती घाण असते. फळी मध्येच थांबवू नका, थांबली तिथेच काळा डाग. आणि बारीक एक्स्टेंशन वायरवर चालवत असाल तर ती आधी बदला, 16 अँपिअरचा पॉइंट आणि 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, नाहीतर लोड आला की मोटार मंदावते.

दोन्हीकडून सनमाइका असेल तर आधी ब्लेड 2-3 मिमी वर ठेवून एक चीर, मग फेन्स न हलवता पूर्ण काप. पण तसे आठ-दहा पूर्ण शीट कापायचे असतील तर पॅनेल सॉ (पूर्ण शीट कापायचं मोठं मशीन) असलेल्या प्लायवाल्याकडूनच कापून घ्या, त्यात मुख्य ब्लेडच्या पुढे आधी वरवर चीर पाडणारं छोटं स्कोरिंग ब्लेड असतं, आणि 8 बाय 4 चं शीट एकट्याने टेबल सॉवर ढकलणं तसंही बरं नाही.