घरी कायम वायफाय असूनही मोबाइलच्या बिलात डेटाचे जादा पैसे लागले. कंपनी म्हणते, ‘करारात लिहिलंय.’ आता काय करू?

बिल भरायची शेवटची तारीख मात्र चुकवू नका. मला असंच बिल आलं तेव्हा रागाने मी ते तसंच पडू दिलं. मग मूळ तक्रार राहिली बाजूला आणि उशिराच्या दंडावरच बोलणी सुरू झाली. नेमकी कोणती रक्कम मान्य नाही ते कंपनीला लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या आणि बाकीची रक्कम वेळेत भरता येईल का ते विचारा. बिल खात्यातून आपोआप कापलं जात असेल तर हे आजच करा.

मग डेटाचा तारीख-वेळेसह तपशील मागा. नुसत्या एकूण आकड्यावरून काहीच कळत नाही. माझ्या तपशिलात बहुतेक वापर रात्रीचा निघाला. त्या वेळी मी आतल्या खोलीत पडून फोनवर वाचत असायचे आणि तिथे वायफायची रेंज जेमतेम पोहोचायची. आयफोनमध्ये २०१५ पासून, म्हणजे आयओएस ९ पासून, ‘वायफाय असिस्ट’ नावाची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते. वायफाय कमजोर झालं की फोन न विचारता मोबाइल डेटावर जातो. सेटिंगमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी ती सापडेल. तिने किती डेटा वापरला तो आकडाही तिथेच दिसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही अशीच सोय वेगळ्या नावाने असते. तुम्ही ‘कायम वायफायवर’ म्हणता म्हणून माझा पहिला संशय हिच्यावरच आहे.

त्याच पानावरचा ‘चालू कालावधी’चा आकडा मात्र कंपनीच्या आकड्याशी ताडू नका. आयफोनमध्ये तो दर महिन्याला आपोआप शून्य होत नाही, तुम्ही शेवटचा कधी रीसेट केला तिथपासून मोजत राहतो. अँड्रॉइडमध्ये बिलाची तारीख टाकून मर्यादा घालता येते. ती जरूर घाला, कारण एचडी व्हिडिओ तासाभरात ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतो.

आता करार. सगळा वाचायला वेळ नसेल तरी एवढं शोधाच: ठरलेला डेटा संपल्यावर वेग कमी होतो की पैसे लागू होतात? ‘अनलिमिटेड’ या शब्दावर विसंबू नका, खरं उत्तर त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत असतं. जोडणी महिन्याच्या मधेच सुरू झाली असेल तर पहिल्या बिलात भाडं दिवसांच्या हिशेबाने लागतं आणि पुष्कळदा डेटाही तेवढाच कमी मिळतो. लोक इथेच फसतात. प्रवासात असाल तर रोमिंगची कलमं वेगळी पाहा. जहाजावरचं आणि विमानातलं नेटवर्क उपग्रहामार्फत चालतं आणि देशांसाठी घेतलेल्या पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं.

कलम खरंच करारात असलं तरी विचारायला संकोच करू नका. ‘पहिलीच वेळ आहे, रक्कम कमी करा आणि मर्यादा संपल्यावर डेटा बंद करा,’ असं मी शांतपणे, लेखी मागितलं. निम्मी रक्कम माफ झाली आणि जादा डेटा त्याच दिवशी बंद करून मिळाला.