बडोद्याहून आईबाबांना घेऊन केरळची होड्यांची शर्यत बघायला जावं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: आईबाबा सत्तरीच्या पुढचे, सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मिळणार, घरी पाच दिवसांचा गणपती, आणि नेहरू ट्रॉफीची, म्हणजे आलप्पुळ्याच्या मोठ्या शर्यतीची, तिकिटं आतापासून काढून ठेवायचा विचार. माझं मत विचाराल तर जरूर जा, पण आईबाबांना घेऊन नेहरू ट्रॉफीला नको. त्यांना आरन्मुळ्याच्या देवळाच्या शर्यतीला न्या. नेहरू ट्रॉफी एखाद्या वर्षी मित्रांबरोबर बघा.

मी दोन्ही बघितल्या आहेत. बडोद्यातल्या फर्टिलायझरनगरात आमच्या शेजारी मल्याळी कुटुंब होतं. ओणमला त्यांच्याकडून पायसम यायचं, चतुर्थीला आमच्याकडून मोदक जायचे. त्यामुळे हे वेड लहानपणीच लागलं.

आधी नेहरू ट्रॉफीबद्दल, कारण जाहिरातींमध्ये तीच दिसते. आलप्पुळा (जुनं आलेप्पी) इथल्या पुन्नमडा तलावावर ती होते. डिसेंबर 1952 मध्ये पंडित नेहरू तिथे गेले होते. त्यांच्यासाठी शर्यत ठेवली होती आणि ती संपल्यावर ते सुरक्षेची पर्वा न करता जिंकलेल्या नडुभागम नावेत चढले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी नावेच्या आकाराची चांदीची ट्रॉफी पाठवली. आजची स्पर्धा तिच्यासाठीच असते. मुख्य नावा म्हणजे चुंडन वळ्ळम: शंभर फुटांहून लांब, मागचं टोक नागाच्या फण्यासारखं वर उचललेलं, आत शंभराच्या आसपास माणसं. मधोमध उभे असलेले लोक जाड दांडक्याने फळीवर ठोके देतात आणि त्या ठोक्यावर सगळी वल्ही एकदम पाण्यात पडतात. नाव दिसायच्या आधी तो ठोका ऐकू येतो, आणि त्या क्षणी अंगावर काटा येतो हे खरंच आहे.

पण हिशेब बघा. एक शर्यत साधारण साडेचार मिनिटांची. त्यातही तुम्ही बसलाय तिथून नाव सरकन निघून जाते, बाकीचं अंतर तुमच्या लेखी फक्त आरडाओरडा. 2024 च्या अंतिम फेरीत कारिचाल चुंडन 4 मिनिटं 29.785 सेकंदांत पोचली आणि वीयपुरम 29.790 मध्ये. पाच सहस्रांश सेकंदांचा फरक, डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हेच. या साडेचार मिनिटांसाठी सकाळीच जागा धरायची, रस्ते बंद होण्याआधी पोचायचं, लहान नावांच्या फेऱ्या बघत दुपारपर्यंत थांबायचं, मध्ये दोन-तीन सरी अंगावर घ्यायच्या. अंतिम फेरीत कोण जाणार हे प्राथमिक फेरीतल्या वेळेवर ठरतं, सर्वांत कमी वेळेच्या चार नावा. त्यामुळे आपली फेरी जिंकलेली नावसुद्धा बाहेर राहू शकते, आणि मग शेजारच्या बाकावरचा माणूस तुम्हाला मल्याळममधून तावातावाने त्यातला अन्याय समजावतो. मला यात मजा येते. सत्तरीच्या माणसाला गुडघे घेऊन दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत यात मजा येईल असं मला वाटत नाही.

शिवाय तारीख. पुस्तकांत अजून ‘ऑगस्टचा दुसरा शनिवार’ असं लिहिलेलं सापडेल. 2018 मध्ये महापुरामुळे शर्यत नोव्हेंबरमध्ये गेली. 2020 आणि 2021 मध्ये झालीच नाही. 2024 मध्ये वायनाडच्या दरडींनंतर ती 28 सप्टेंबरला झाली आणि 2025 मध्ये 30 ऑगस्टला. त्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती, म्हणजे शर्यत तुमच्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी! तेव्हा तारीख अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेच अडकवू नका.

आरन्मुळ्याचं तसं नाही, ती तारीख पंचांगाला बांधलेली आहे. चिंगम महिन्यात, म्हणजे सूर्य सिंहेत असताना, श्रवण नक्षत्राला ओणम. त्यानंतर चार दिवसांनी उत्तराभाद्रपदा नक्षत्र येतं, त्याला उत्तृट्टाती म्हणतात, आणि त्या दिवशी पंपा नदीवर नावा उतरतात. सूर्य सिंहेत आणि चंद्र उत्तराभाद्रपदेत म्हणजे पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. त्यामुळे हा दिवस एकतर राखी पौर्णिमेच्या नंतर पडतो, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या नंतर. 2024 मध्ये अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला आणि आरन्मुळा 18 ला, 2025 मध्ये 6 आणि 9. म्हणजे गणपतीच्या आधीच, नाहीतर पाच दिवसांचा गणपती बोळवून, घर आवरून, आरामात निघता येतं. एकच अडचण: भाद्रपदात आली तर श्राद्धपक्ष लागलेला असतो. आमच्या आत्याने त्यावरून बरीच कुरकुर केली होती. देवळाच्या उत्सवाला जायचंय म्हटल्यावर गप्प बसली.

आणि तो उत्सव देवळाचाच आहे. पार्थसारथी मंदिर, म्हणजे अर्जुनाचा सारथी झालेला कृष्ण. कथा अशी की काट्टूर गावचे एक भट्टतिरी (ब्राह्मण) दरवर्षी ओणमच्या जेवणाचा शिधा नावेतून देवाला पोचवत. एकदा वाटेत त्या नावेवर हल्ला झाला, तेव्हा नदीकाठची गावं आपापल्या नावा घेऊन धावली. तेव्हापासून शिध्याच्या नावेबरोबर सोबत जायची प्रथा पडली. आजही ती नाव काट्टूरहून ओणमच्या दिवशी येते. नदीकाठच्या गावांच्या मिळून पन्नासहून अधिक नावा आहेत. त्यांना पळ्ळियोडम म्हणतात, त्या गावाच्या मालकीच्या आणि देवाच्या मानल्या जातात. आत पांढरी मुंडू नेसलेले लोक, वर नक्षीच्या छत्र्या, आणि गाणं. शर्यतही होते, मन्नम ट्रॉफीसुद्धा असते. पण आधी या नावा मिरवत येतात, एकामागून एक, वंचिपाट्टू म्हणजे नावेची गाणी गात. दिंड्या जशा आपापल्या नंबराने आणि आपल्या गावाच्या तोऱ्यात येतात, अगदी तशा. बाबांना वारीची ओढ असेल तर त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

खरी गंमत मात्र शर्यतीच्या दिवशी नाहीच, ती वळ्ळसद्येत, म्हणजे नावेतल्या लोकांच्या पंगतीत आहे. जुलैपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कुणीतरी नवस फेडायला एखाद्या पळ्ळियोडमच्या सगळ्या लोकांना देवळात जेवू घालतं. नाव नदीतून गात येते, यजमान घाटावर स्वागत करतो, मंदिराला प्रदक्षिणा होते आणि मग केळीच्या पानावर साठाहून अधिक पदार्थ. त्यातले कित्येक पदार्थ वल्हेकरी ओव्या गाऊन मागतात, आणि मागितलेलं नाही म्हणायचं नाही असा दंडक आहे. वाढपी धावताहेत, गाणारा मुद्दाम अवघड पदार्थ मागतोय, सगळे हसताहेत. बाहेरच्यांसाठी पासची सोय असते. आधी चौकशी करून जा, आयत्या वेळी पानावर बसता येईल असं धरून चालू नका. अष्टमी रोहिणीला, म्हणजे तिथल्या जन्माष्टमीला (ती आपल्या जन्माष्टमीच्याच दिवशी असेल असं नाही), सर्वांत मोठी पंगत उठते, पण गर्दीही तेवढीच. आईबाबांसाठी साधा मधला वार बरा.

काही गोष्टी आधीच घरात बोलून ठेवा. देवळात पुरुषांना सदरा काढावा लागतो. पळ्ळियोडमवर चप्पल घालून चढायचं नाही आणि बायकांनी चढायचंच नाही. माझी बहीण यावरून भडकली होती आणि मला तिचं पटतं. आलप्पुळ्याला निदान बायकांच्या स्वतःच्या नावा आणि स्वतःच्या फेऱ्या असतात. पण तिथे पाहुणे म्हणून गेल्यावर काठावरच्या काकांशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. देवळाच्या उत्तर दारातून नदीकडे 57 पायऱ्या उतरतात. गुडघे दुखत असतील तर त्या टाळा आणि शर्यतीच्या दिवशी दुपारच्या उन्हाआधीच काठावर छताखालची जागा धरा.

जायचं कसं? बडोद्याहून केरळकडे जाणाऱ्या गाड्या कोकण रेल्वेने जातात आणि पावसाळ्यात तिथे वेगळं, संथ वेळापत्रक असतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं काही ठरवा. आरन्मुळ्यासाठी उतरायचं कोट्टयम मार्गावरच्या चेंगन्नूरला, पुढे दहा-अकरा किलोमीटर रिक्षाने. आईबाबांसाठी मी जाताना कोचीपर्यंत विमान आणि येताना रेल्वे सुचवेन. पावसातलं रत्नागिरी-मडगाव खिडकीतून बघायला कुणालाच कंटाळा येत नाही, पण जाताना दमून पोचण्यात अर्थ नाही. खाण्याची काळजी करू नका, सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं जेवण, संपूर्ण शाकाहारीच असते. फक्त खोबरेल तेलाची सवय नसेल तर पहिल्या दिवशी बेताने.

होडीत बसायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण आई विचारेलच. 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका होडी उलटून गेल्या, तेव्हापासून बडोद्यातला कुणीही होडी बघितली की आधी लाइफ जॅकेट मोजतो. शर्यती काठावरूनच बघायच्या, कुणी खासगी होडीतून ‘जवळून दाखवतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पाण्यावरून फिरायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी आलप्पुळ्याहून राज्य जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटीने जा. ती स्वस्त असते, शाळकरी मुलं आणि भाजीच्या टोपल्या घेऊन चालते, आणि तिथल्या कुट्टनाड भागातली समुद्रसपाटीखालची भातशेती त्यातून हाऊसबोटीइतकीच छान दिसते. जॅकेट कुठे ठेवलीत ते चढल्या चढल्या विचारा, संकोच करू नका.

सुट्टी जून-जुलैत वळवता आली तर आणखी एक पर्याय आहे: चंपाकुळमची मूलम शर्यत, मिथुनम महिन्यातल्या मूळ नक्षत्राला. अंबलप्पुळ्याच्या कृष्णाची मूर्ती आणताना वाटेत चंपाकुळमला एका ख्रिस्ती घरी मुक्काम झाला, त्याच्या आठवणीत ती होते. तिथे चुंडनही बघायला मिळतात आणि आलप्पुळ्याएवढी रेटारेटीही नसते. पण धो धो पाऊस, काठावर चिखल. आईबाबांची तयारी असेल तरच.

आणि आरन्मुळ्याला धातूचे आरसे मिळतात, आरन्मुळा कण्णाडी. काचेचे नाहीत, मिश्रधातू हाताने घासून चकाकवलेले, भौगोलिक मानांकन मिळालेले. लहानसासुद्धा चांगला महाग असतो. रस्त्यावर स्वस्तात मिळाला तर तो तो नव्हे. पृष्ठभागावर नखाचं टोक टेकवून बघा: काचेच्या आरशात नख आणि प्रतिबिंब यांत फट दिसते, खऱ्या कण्णाडीत ती दिसत नाही. कारागिराच्या घरी जाऊनच घ्या, पत्ता देवळाजवळ कुणीही सांगेल.