बाळाच्या थायरॉइडला टेराटोमा आहे म्हणतात. हा कॅन्सर असतो का? ऑपरेशन थोडं पुढे ढकललं तर चालेल?

ताई, बाळ तीन आठवड्यांचं आहे, एवढ्याशा जिवाला भूल कशी द्यायची, हा तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रीच लिहायला बसले. माझ्या लेकीलाही हेच होतं. आता ती सहा वर्षांची आहे.

टेराटोमा म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी मिळून बनलेली गाठ. नवजात बाळांमध्ये ती बहुतेक वेळा साधीच, म्हणजे कॅन्सर नसलेली निघते. मोठ्या माणसांच्या थायरॉइडमध्ये हीच गाठ बहुधा कॅन्सरची असते, त्यामुळे नेटवर धडकी भरवणारं बरंच वाचायला मिळतं. ते तुमच्या बाळाला लावू नका. गाठीच्या रिपोर्टमध्ये ‘इम्मॅच्युअर’ शब्द आला तरी लगेच खचू नका. बाळांच्या गाठीत मेंदूसारख्या अपरिपक्व पेशी पुष्कळदा सापडतात, तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही.

पण थांबू मात्र नका. खरी भीती श्वासनलिकेची आहे. नवजात बाळाची श्वासनलिका असते जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, आणि गाठ तिच्यावरच दाबते. माझी लेक दोन घोट प्यायली की स्तन सोडायची, कपाळावर घाम यायचा, उताणी ठेवली की घशातून घुर्रघुर्र आवाज. घरात सगळे म्हणायचे कफ आहे, आणि सासूबाई ओव्याची पुरचुंडी शेकवायच्या. त्यात आमचे चार दिवस गेले, ते मला अजून सलतात. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला किंवा ओठ निळसर दिसले, तर त्याच क्षणी इमर्जन्सीला न्या.

ऑपरेशन लहान मुलांच्या सर्जनकडे, आणि नवजात बाळांचा आयसीयू असेल तिथेच करा. भुलेच्या डॉक्टरांना आधी भेटा, श्वासाची नळी कशी घालणार ते विचारा. माझी निम्मी भीती त्या भेटीत गेली.

ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम आणि टीएसएच (थायरॉइड नीट काम करतंय का ते सांगणारं हार्मोन) तपासत राहतात. एएफपी म्हणजे अशा गाठींवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन. त्याचा आकडा बघून आम्ही हादरलो होतो, पण नवजात बाळात तो मुळातच खूप जास्त असतो. महिन्यागणिक उतरतोय ना, एवढं डॉक्टर बघतात.

गाठीबरोबर थायरॉइडचा बराच भाग गेल्यामुळे लेकीला थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी सुरू झाली. ती चमच्यात चुरडून थोड्या आईच्या दुधात कालवून द्यायची. बाटलीभर दुधात मिसळली आणि बाळाने अर्धं टाकलं, तर किती औषध पोटात गेलं ते कळतच नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली की इथेच कळवा, ताई. रात्री-अपरात्री लिहिलंत तरी चालेल.