लाईट घेतल्यावर दात तुटायलेत, काढून टाकू का?

तोंडाच्या कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे रेडिएशनचे शेक, घेतलेले पेशंट वर्ष-दोन वर्षांनी हेच विचारत येतात. मागे एक मावशी आल्या, जन्मभर विड्या वळलेल्या, मिश्री लहानपणापासूनची, गालाचं ऑपरेशन होऊन तीसेक लाईट घेतलेल्या. पदर तोंडावरून काढेनात. "ताई, दात हिरडीपाशी काळे पडून तुकडे पडायलेत ओ, तो परत आला वाटतं." त्यांच्या पोरानं तर त्याच संध्याकाळची वेळ घेऊन ठेवलेली, जवळच्याच दवाखान्यात, सगळे दात एकदम काढून टाकायचे म्हणून.

मी आधी त्याला थांबवलं.

लाईटमुळे लाळेच्या ग्रंथी सुकतात, तोंड कोरडं पडलं की दात धुवायला लाळच राहत नाही आणि मग ते हिरडीपाशी किडून तुटतात, त्यामुळे दात तुटला म्हणजे कॅन्सर परत आला असं नसतं. हां, पण तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तपासून घ्यायचंच. खरी भीती दात उपटण्याची आहे. लाईट लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं, खालच्या जबड्याला जास्तच, दात काढल्यावर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडून सडायला लागतं, आणि हा धोका पुढे कित्येक वर्षं राहतो. म्हणून तर खराब दात लाईट सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीच काढतात, मावशींना हे तेव्हा कुणी नीट सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग करायचं काय? बऱ्याचदा रूट कॅनाल करून वरचा भाग कापतात, मूळ आत तसंच ठेवतात. डॉक्टर लिहून देतात ती जास्त फ्लोराईडची पेस्ट रोज लावायची, रात्री लावल्यावर चूळ भरायची नाही. दिवसभर घोट घोट पाणी. मिश्री पूर्ण बंद, "नुसतं दात घासायला" म्हणूनसुद्धा नाही. तोंडात तीन बोटं उभी जातात का बघत राहायचं आणि तोंड उघडण्याचा सांगितलेला व्यायाम सोडायचा नाही.

पोरानं माझ्यासमोरच फोन करून वेळ कॅन्सल केली. मावशींनी हळूच विचारलं, कडक भाकरी आता बंदच का? म्हटलं, वरणात चुरून भिजवा की, शेंगाचटणी मात्र दह्यात कालवून, तीही झोंबली नाही तरच. फाईल कुठाय विचारलं तर घरी गादीखाली. ती आता पिशवीत ठेवा म्हटलं, कुठल्याही दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसायच्या आधी लाईटचा कागद दाखवायचा आणि त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलायला लावायचं.